हद्दीचा लोटा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत मी गोळ्यांच्या पॅकिंगला आहे. सव्वीस वर्षं झाली. बाटलीत जाण्याआधी प्रत्येक गोळी एका मेटल डिटेक्टरमधून घसरत खाली येते, आणि दर तासाला मी त्या मशीनची परीक्षा घेते. त्यासाठी प्लॅस्टिकच्या तीन खोट्या गोळ्या माझ्या ताब्यात असतात. एकीत लोखंडाचा कण, दुसरीत पितळेचा, तिसरीत स्टीलचा. त्या सोडल्या की मशीननं त्यांना ओळखून बाजूला फेकायला हवं. नाही फेकलं तर मागच्या तासाभराचा सगळा माल थांबवायचा, मग मॅनेजर कितीही आदळआपट करो. मी आजवर चार वेळा थांबवला आहे. खात्यात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाईच खोटारडी. तशी मी नाही. आयुष्यात एकदाच खोटं केलं, तेही भर उन्हात, चार फूट खड्डा खणून.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं कापडे. गावाच्या खालच्या अंगाला आमची वाडी, वाडीच्या टोकाला विहार आणि विहाराच्या मागे भाताची खाचरं. त्यातलं एक माझ्या बाबांचं आणि त्याला लागून एक त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. बाबा शहात्तरचे, काका त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्रच आहेत. पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी दोघांना शेतात उभं करून तोंडी वाटणी केली, मध्ये बांध घातला, बांधावर एक दगड रोवला, आणि तेवढ्यावर सगळं व्यवस्थित चाललं होतं.

आमच्या घराचं आणि हद्दीचं जुनं नातं. गावकीच्या काळात हद्दी दाखवायचं काम आमच्या घराकडे होतं. दोन शेतकऱ्यांची बांधावरून जुंपली की माझ्या पणजोबांना बोलावणं यायचं. ते शेतातून चालत जायचे आणि जिथं काठी टेकवायचे ती हद्द. ज्यांच्या शेतात काठी टेकवायची त्यांच्या ओट्यावर बसायची मात्र त्यांना मुभा नव्हती. पण त्यांचा शब्द कधी खोटा पडला नाही, असं आमच्या घरात सांगतात. जमीन आमच्या वाट्याला थोडकी आली. हा ताठा मात्र बाबांच्या आणि काकांच्या वाट्याला अगदी सारखा आला.

दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात डोंगराचा एक लचका पऱ्यात, म्हणजे आमच्या शेताजवळच्या ओढ्यात, उतरला आणि पऱ्या आमच्या खाचरांत शिरला. घरं वाचली, माणसं वाचली, गुरं वाचली. शेत मात्र दोन-अडीच फूट गाळाखाली गेलं. बांध गेला, त्यावरचा दगड गेला, दगडाशेजारचं जांभळीचं झाड मुळासकट गेलं. एक वर्ष तिथं कुणी काही लावलं नाही. दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला बाबा म्हणाले, आता बांध घालून घेऊ. काका म्हणाले, घालू. दोघं शेतात गेले आणि दोन वेगळ्या जागी जाऊन उभे राहिले.

दोन जागांमध्ये अंतर पाच हात. शहरातल्या माणसाला हसू येईल. पण आमची खाचरं म्हणजे काय मैदानं नाहीत, पाच हात म्हणजे दोन मणांचं भात.

मावळतीच्या बाजूला, काकांच्या शेताच्या कडेला, एक जुना आंबा अजून उभा आहे. बाबांचं म्हणणं, हद्दीचा दगड त्या आंब्यापासून उगवतीकडे चाळीस पावलांवर होता. आजोबांनी त्यांच्याकडून तीनदा मोजून घेतलं होतं. काकांचं म्हणणं, पावलं कोण मोजतंय, वरच्या कातळाच्या नाकासमोर उभं राहिलं की पायाखाली दगड यायचा. बाबांनी माझ्यासमोर चाळीस पावलं मोजली. काका कातळासमोर जाऊन उभे राहिले. मध्ये पाच हात, आणि दोघांपैकी एकालाही शंका म्हणून नाही.

हे शेतात मिटलं असतं. पण ते विहाराच्या पडवीत, सगळ्या वाडीसमोर गेलं. तिथं काका म्हणाले, "खाली लोटा हाय ना. लोटा काय वाहून जात नाय. काढा लोटा."

त्या लोट्याबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. वाटणीच्या वेळी आजोबांनी हद्दीच्या दगडाखाली तांब्याचा एक लोटा पुरला होता आणि त्यात भोकाचे पैसे आणि ढब्बू पैसे भरले होते. नवे पैसे आल्यावर ते जुने पैसे बाद झाले होते, त्यांना कुणी चण्याची पुडीसुद्धा देत नव्हतं. म्हणूनच ते पुरायला बरे. मी बाबांना विचारलं, मला हे कधी सांगितलं का नाही. बाबा म्हणाले, "तुला सांगून काय करायचा होता? तू महाडला जानार, तुला कापड्याची हद्द कशाला?" हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला फार लागलं, पण ती वेळ भांडायची नव्हती, कारण तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले होते.

"माझी हद्द खोटी निघाली," बाबा म्हणाले, "तर मी या वाडीत ऱ्हानार नाय. लेकीकडं महाडला जाईन, परत तोंड दाखवनार नाय."

काका बसल्या जागेवरून म्हणाले, "आनि माझी खोटी निघाली तर मी मुंबयला, पोराकडं."

वाडीतल्या लोकांनी दोघांनाही खाली बसवलं, पाणी दिलं, समजावलं. पण दोघांनाही ओळखणाऱ्या कुणालाही ते बोलणं पोकळ वाटलं नाही. माझी आई गेली तेव्हा बाबांना मी महाडला आणलं होतं. माझी लेक पुण्याला नोकरीला लागल्यापासून एक खोली रिकामीच असते. बाबा त्या खोलीत अकरा दिवस राहिले. अकरा दिवस गॅलरीत उभं राहून समोरच्या इमारतीच्या टाकीतून पाणी वाहून जाताना बघत होते आणि बाराव्या दिवशी पहिल्या एसटीनं परत गेले. कापडे सोडून हा माणूस वर्षभरसुद्धा काढणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि काकांचं मुंबईला काय होईल, हे काकींना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. म्हणजे काकींमार्फत चालू राहिलं. काकी ओटीवर भाकरीचं पीठ चाळत बसायच्या आणि बाबा अंगणातून म्हणायचे, "वहिनी, दादाला सांगा, त्याची शेळी माझ्या वालात शिरली." काका आतून सगळं ऐकत असायचे. मग काकी चाळण थांबवायच्या आणि म्हणायच्या, "ऐकलंव? भावोजी बोलतायत, तुमची शेळी त्यांच्या वालात गेली." आत शांतता. मग काकी बाबांना सांगायच्या, "ते काय बोलत नायत. पन शेळीला मी इचारते."

आता मेटल डिटेक्टरचं. आमच्या कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात एक फिटर आहे. त्याला हा छंद आहे. जुन्या मोटारीची तार प्लॅस्टिकच्या पाइपावर गुंडाळून तो स्वतः डिटेक्टर बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या नाहीतर बुजलेल्या नळाच्या तोट्या शोधून देतो. मी त्याला लोट्याचं सांगितलं. त्यानं मला ताटाएवढ्या चकतीचं एक मशीन दिलं आणि कसं फिरवायचं ते शिकवलं: जमिनीपासून चार बोटं वर, झाडू मारल्यासारखं, घाई नाही. घाई न करणं मला जमतं.

तीन सुट्ट्या मी त्या शेतात घालवल्या. एका बाजूला बाबा उभे, दुसऱ्या बाजूला काका, मध्ये मी कानाला हेडफोन लावून. मशीन ओरडलं की दोघंही एकदम पुढे यायचे आणि एकमेकांना बघून दोन पावलं मागे जायचे. नांगराचा फाळ सापडला. विळ्याचं अर्धं पातं, बैलाचे दोन नाल, सोड्याच्या बाटल्यांची असंख्य बुचं. वाहून आलेल्या पत्र्याचे तुकडे तर इतके की त्यात एक मोरी शाकारली असती. आणि कुकरची एक शिट्टी सापडली. ती काकींनी ओळखली. ती हरवल्याबद्दल त्यांनी सहा वर्षांपूर्वी शेजारणीशी भांडण काढलं होतं. शिट्टी पदरात बांधत त्या म्हणाल्या, "तिला सांगू नकोस गो बाय."

लोटा मात्र मिळेना. शेत घुशींनी उकरल्यासारखं झालं. फिटर म्हणाला, ताई, या लहान चकतीला एक नाणं हातभर खोल दिसलं तरी नशीब म्हणायचं. तुमचा लोटा गाळाखाली अडीच फूट आणि जुन्या मातीत आणखी दीड. त्याला मोठी चकती लागेल. तिला लहान वस्तू दिसणारच नाहीत, म्हणजे बुचं ओरडणार नाहीत. खोल आणि मोठं असेल तेवढंच ती सांगेल. मग त्यानं पाइपाची मीटरभर लांबी-रुंदीची चौकट बनवली, तीवर तार गुंडाळली, आणि मी तिची परीक्षा घेतली. दुसरं काय करणार, हाताची सवय. माझ्या घरातला तांब्याचा गडू चिल्लर भरून त्याच्या परसात चार फूट खोल पुरला आणि वरून चौकट फिरवली. मशीन मंद, लांब आवाजात बोललं. तीनदा फिरवलं, तीनदा बोललं. गडू काढून फिरवलं, गप्प बसलं. मग मी ते ताब्यात घेतलं.

त्याच आठवड्यात दासगावला लग्न होतं. सगळी वाडी सकाळी टेम्पोतून गेली. एका टेम्पोत बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, म्हणून काका मागे बायकांच्यात बसले. मी रात्रपाळी करून सकाळी परस्पर कापड्याला आले होते. झोप काढते म्हणून मागे राहिले. आणि खरंच झोपणार होते. पण दोघं डोळे वटारून उभे नसताना एकदा सुखानं मशीन फिरवून बघावं, असं वाटलं. कंपनीत नाही का आम्ही खऱ्या मालाआधी रिकामं मशीन चालवतो, तसं.

बाबांच्या जागेवर चौकट धरली. गप्प. थोडं इकडे, थोडं तिकडे, गप्प. मग मी उगवतीकडे सरकत गेले. एक हात, दोन, तीन. पाचव्या हाताला मशीन बोललं. मंद, लांब आवाज, फिटरच्या परसात ऐकलेला तसाच. मी मान वर करून बघितलं तर समोर वरचा कातळ, बरोबर नाकासमोर.

वरचा गाळ रेताड होता, भराभर निघाला. खालची जुनी माती टणक. दोन तास गेले. पहारीच्या टोकाला काहीतरी खणकलं तेव्हा मी हातांनी माती बाजूला केली. लोटा हिरवा पडला होता. तोंडाला बांधलेलं फडकं कुजून गेलं होतं, आत पैसे एकमेकांना चिकटून बसले होते. खाली काळी भुकटी लागली. राबाची असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेरणीआधी आम्ही पालापाचोळा आणि शेण शेतात भाजतो, त्यामुळे आमच्याकडे कुठंही खणलं तर काळं लागतं.

लोटा मांडीवर घेऊन मी खड्ड्याच्या काठावर बसले. सापडल्याचा आनंद जेमतेम बिडी ओढण्याएवढा टिकला असेल. मग कळलं की बाबा खोटे पडले. आणि मला एकदम राग आला, आधी बाबांचा, कारण पाच हातांसाठी त्यांनी एवढा तमाशा केला होता. पण बाबा खोटं बोलणारे नाहीत. चाळीस पावलं म्हणजे चाळीसच असणार. मी उठून आंब्यापाशी गेले आणि बाबा चालतात तशी चालले, उजवा गुडघा जरा जपत. पंचविशीतला माणूस आणि शहात्तरचा माणूस. पावलामागे तीन बोटं जरी कमी पडली तरी चाळीस पावलांत एकशेवीस बोटं, म्हणजे बरोबर पाच हात. बाबांचं मोजणं चुकलं नव्हतं. बाबा म्हातारे झाले होते, आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी रडले. इतका वेळ उन्हात खणल्यामुळे असेल, रात्रीची झोप नव्हती म्हणून असेल. पण रडले ते त्या तीन बोटांसाठी.

आता हा लोटा पुढच्या सुट्टीला सगळ्यांसमोर निघाला की बाबा घरी येतील, पिशवी भरतील आणि माझ्याबरोबर महाडला निघतील. बोलल्याप्रमाणे वागतील. मीही त्यांचीच मुलगी, मला ते ठाऊक आहे. लोटा बाबांच्या जागी पुरला तर काका मुंबईला जातील, आणि ते तर धडधडीत चोरी केल्यासारखं. ज्या काकांनी मला पाठुंगळीला घेऊन पऱ्या ओलांडून शाळेत सोडलं, त्यांची. मग उरली एकच जागा. अडीच हातांवर, बरोबर मध्ये. दोघंही अर्धे बरोबर आणि दोघंही अर्धे चूक.

सव्वीस वर्षं मी एकही खोटी नोंद केलेली नाही. त्या दुपारी मी अडीच हात मोजले, पुन्हा चार फूट खणलं, लोटा पुसला नाही, त्यावरची माती तशीच ठेवली, हलक्या हातानं बसवला आणि बुजवला. मग पहिला खड्डाही बुजवला. शेतभर आमचेच खड्डे होते, त्यामुळे ताजी माती कुणाला खटकण्यासारखी नव्हती. टेम्पो परत आला तेव्हा मी खरंच झोपले होते. काकींनी माझ्यासाठी लग्नातली बुंदी आणली होती आणि माझे तळहात बघून त्या म्हणाल्या, "काय गो, रात्रपाळीला गोळ्या भरतेस का दगड फोडतेस?"

पुढच्या सुट्टीला वाडीतली दहा-बारा माणसं शेतात जमली. मी बाबांच्या जागेवर चौकट फिरवली, मशीन गप्प. काकांच्या जागेवर फिरवली, तिथंही गप्प. मध्ये आले आणि मशीन बोललं. दोन गड्यांनी खणलं. लोटा दिसल्यावर मी सवयीनं म्हणाले, "सगळ्यांनी बघून घ्या," आणि माझीच मला लाज वाटली.

काका आधी खड्ड्यात उतरले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, त्यांना धरायला दोघं पुढे झाले तर त्यांनी हात झटकले. लोटा त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि लोट्याखालच्या मातीत बोटं घातली. बराच वेळ ते बोटांनी माती चाचपत होते. मग बाबाही काठावर गुडघा टेकून वाकले आणि त्यांनीही ती माती बघितली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी, सरळ. मला वाटलं, बापाची आठवण आली असेल.

"हाच," काका म्हणाले.

"हाच," बाबा म्हणाले.

काकी काठावरून म्हणाल्या, "म्हंजे दोघंबी अर्धे खरे नि दोघंबी अर्धे खोटे. आता कोन कुठं जातंय ते सांगा, मंग मी तेवढ्या भाकऱ्या कमी करते." लोक हसले. काकांनी बाबांकडे हात केला आणि बाबांनी त्यांना खड्ड्यातून वर ओढलं. लोटा पुन्हा तिथंच ठेवला, वर नवा दगड रोवला आणि चार दिवसांत बांध उभा राहिला. शेळीच्या तक्रारी आता थेट होऊ लागल्या.

बांध झाला त्या संध्याकाळी मी मशीन न्यायला गेले होते. बाबा पडवीत बसून गुडघ्याला तेल चोळत होते. मी तेलाची वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि मीच चोळायला लागले.

"बाय," बाबा म्हणाले, "लोटा तू हलवलास."

माझा हात थांबला. बाबा रागावलेले दिसत नव्हते.

"लोट्याखाली कोळसा घालतात. दोन पाट्या. दगड कोन पन सरकवंल, झाड मरतं, तांबं चोर नेतो. कोळसा कोन नेनार? तो कुजत पन नाय. माझ्या आज्यानं बापसाला सांगितलं, बापसानं आमा दोघांना. लेकींना सांगत नसत."

ती काळी भुकटी माझ्या डोळ्यांसमोर आली. राबाची म्हणून मी जी सोडून दिली होती, ती.

"काकांना कळलं?" मी विचारलं.

"दादाला माझ्या आधी कळलं. बोटं घातलीन तवाच. कोळसा नाय, काय नाय, नुसती माती. तरी तो हाच बोलला. तो बोलला म्हनून मी बोललो."

म्हणजे काकांनी त्या खड्ड्यात उभं राहून, आपली हद्द खरी असणार हे जवळजवळ ठाऊक असताना, अडीच हात सोडून दिले होते. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि पुढेही सांगणार नाहीत. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हणाले, "बाबा, खरा लोटा कुठं होता ते मी—"

"नको सांगू."

त्यांनी पाय लांब केला आणि माझ्या हाताखालच्या गुडघ्याकडे बघत राहिले. "म्हातारपनी पावलं आखूड होतात, येवढं मला पन कळतं. त्या दिवशी लग्नाला गेलो, टेम्पोतून उतरून मांडवात जायाला सगळ्यांच्या मागं पडलो. तवाच मनात आलं. पन वाटनं येगळं नि कळनं येगळं. तू सांगितलंस तर मला पिशवी भराया लागंल. शब्द दिलाय मी."

मी वाटीतलं उरलेलं तेल हातावर घेतलं.

"कोळसा हाय ना तिथंच?" बाबांनी विचारलं.

"आहे. मी हात नाही लावला."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "बांध कुठं पन असूंदे. खरी हद्द हाय तिथं हाय. दादाला नक्की ठाव नाय, मला नक्की ठाव नाय. आता सगळ्या कापड्यात ती तुला एकटीलाच ठाव. मरायच्या आधी कुनाला तरी सांगून जा, नायतर हरवंल."

"कुणाला सांगू? काकांच्या मुलाला?"

बाबांनी पाय जवळ घेतला, धोतर खाली ओढलं आणि विहारात वंदनेला जायला उठले.

"तुझ्या लेकीला सांग," ते म्हणाले.